थंडीत ठासणीची बंदूक पेटत नाही तेव्हा: आग नेमकी कुठे अडली ते कसं शोधायचं

थंडीत बार फुसका गेला की पहिला दोष थंडीला लागतो आणि दुसरा कॅप नाहीतर प्रायमर (ठोका बसला की आग देणाऱ्या छोट्या टोप्या) बनवणाऱ्या कंपनीला. पण मिशिगनच्या डिसेंबरात मझललोडर, म्हणजे ठासणीची बंदूक, घेऊन बसायला लागल्यापासून माझं मत पक्कं झालंय की नुसती थंडी क्वचितच बार अडवते. उणे पंधरा सेल्सियसला कोरडी दारू, कोरडी नळी आणि स्वच्छ निपल (कॅप बसते तो पोकळ खुंटा) असेल तर बंदूक जुलैत उडते तशीच उडते. अडवतात त्या दोन गोष्टी, पाणी आणि तेल. थंडी फक्त या दोघांना नको तिथे नेऊन बसवते. गरम घरात आणलेल्या गार लोखंडाला घाम फुटतो, बर्फ घोड्याखाली साचून वितळतो आणि परत गोठतो, उन्हाळ्यात पातळ असलेलं तेल घट्ट होऊन स्प्रिंगचा जोर खातं. म्हणून महागडे प्रायमर आणायला धावण्याआधी हे दोन चोर शोधा.

हा लेख मुख्यतः अमेरिकेत राहणाऱ्या आणि तिथे लायसन्स काढून हरणाच्या शिकारीला जाणाऱ्या आपल्या मंडळींसाठी आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे, कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीच्या बंदुका अजून आहेत पण तिथला त्रास थंडीचा नाही, पावसात दारू सादळण्याचा आहे, आणि गंमत म्हणजे त्यावरचे उपाय बरेचसे हेच. इथे उत्तरेकडच्या राज्यांत मझललोडरचा सीझन नेमका कडाक्याच्या थंडीत येतो. मिशिगनमध्ये डिसेंबरात, आयोवाचा उशिराचा सीझन जानेवारीपर्यंत, आणि पेन्सिल्वेनियात तर १९७४ पासून फक्त फ्लिंटलॉकसाठी वेगळा सीझन आहे जो ख्रिसमसच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतो. गारगोटीची ठिणगी, पॅनमधली, म्हणजे बाजूच्या उघड्या वाटीतली, दारू आणि वरून भुरभुरणारा बर्फ. यापेक्षा कठीण परीक्षा नाही.

आधी सेफ्टी, मग बाकी सगळं

चाप ओढला आणि बार झाला नाही तर बंदूक जिथे रोखलीय तिथेच, सुरक्षित दिशेला, धरून ठेवा. किमान एक मिनिट, मी तर दोन मिनिटं धरतो. आत कुठेतरी एखादा दाणा धुमसत असू शकतो आणि बार वीस सेकंदांनीही उडू शकतो. या वेळात घोडा मागे ओढायचा नाही, प्रायमर काढायचा नाही, नळीच्या तोंडासमोर हात नाही आणि डोकं तर नाहीच नाही. हरीण समोर उभं असतं, हात थरथरत असतात, पटकन दुसरी कॅप लावावीशी वाटते, अगदी मान्य आहे, पण तरीही थांबायचं. आणि नळीत तोंडाने फुंकर मारायची जुनी सवय असेल तर ती सोडा. ती धोक्याची आहेच, शिवाय तुमच्या श्वासातली वाफ गार नळीत जाऊन पाणी होते, म्हणजे जो चोर शोधताय त्यालाच तुम्ही आत घेताय.

आवाज काय आला?

आगीचा रस्ता छोटा आहे. घोडा किंवा स्ट्रायकर पडतो, कॅप, प्रायमर किंवा गारगोटी ठिणगी देते, ती आग एका बारीक भोकातून आत जाते, आणि आत दारू पेटते. चार टप्पे. बार झाला नाही म्हणजे यातल्या एका टप्प्यावर आग थांबली, आणि कुठे थांबली ते कानाला कळतं. नुसतं "टक" झालं तर आग लागलीच नाही. "फट्" झालं पण बार नाही, तर कॅप पेटली आणि आग रस्त्यात मेली. "फट्... धडाम" असा मध्ये श्वासाएवढा गॅप आला तर आग पोचली पण अशक्त होऊन पोचली. एवढं लक्षात ठेवलंत तर निम्मं काम झालं, कारण बहुतेक लोक एकाच वेळी प्रायमर, पावडर आणि सेबो (बुलेटभोवतीचं प्लॅस्टिकचं आवरण) तिन्ही बदलतात, मग पुढच्या वेळी उडाली तर का उडाली हेही कळत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला.

नुसतं "टक"

साइडलॉक असेल, म्हणजे बाहेर घोडा असलेली हॉकेनसारखी जुन्या ढंगाची बंदूक, तर एक मिनिट थांबून मग घोडा उचला आणि त्याच्या तोंडाच्या वाटीत बघा. घोड्याला खाली खोलगट वाटी असते ती कॅपवर बसते, आणि त्या वाटीत बर्फ चेपून बसलेला मला कितीदा दिसलाय. झाडाखालून जाताना फांदीवरचा बर्फ पडतो, वाटीत भरतो, घोडा पडतो तो बर्फावर, उशीवर मारल्यासारखा. काडीने उकरून काढा, कोरड्या फडक्याने पुसा.

वाटी स्वच्छ असेल तर कॅप बघा. ११ नंबरची कॅप निपलवर पूर्ण खाली बसली नसेल तर पहिल्या ठोक्यात ती फक्त खाली सरकते, आणि दुसऱ्या ठोक्याला पेटते. "माझी बंदूक नेहमी दुसऱ्या वेळी उडते" असं कोणी सांगितलं तर ऐंशी टक्के हेच समजा. थंडीत ग्लोव्ह्ज घालून कॅप दाबली की ती नीट बसल्याचं बोटाला कळत नाही. कॅपर (कॅप लावायचं छोटं साधन) वापरा, आणि घोडा अगदी सावकाश हाताने धरून कॅपवर टेकवायचा प्रकार करू नका, लाकडी काडीने दाबा, तेही नळी सुरक्षित दिशेला ठेवून. तरीही बसत नसेल तर निपलचं डोकं ठोकून ठोकून पसरलेलं असतं, निपल बदला, फार पैसे पडत नाहीत.

इनलाइन असेल, म्हणजे ठोका नळीच्या सरळ मागून बसणारी नव्या ढंगाची बंदूक, तर संशय स्ट्रायकरवर, आतल्या ठोकणाऱ्या दांड्यावर. टोनी नाइटने १९८५ मध्ये एमके-८५ आणली तेव्हापासून इनलाइन बंदुका पसरल्या, आणि आता बहुतेक सगळ्या २०९ नंबरच्या शॉटगन प्रायमरवर चालतात. हे प्रायमर दमदार असतात, ते पेटत नाहीत म्हणजे जवळजवळ नेहमी त्यांना ठोका पुरेसा बसलेला नसतो. उडालेला किंवा न उडालेला प्रायमर काढून त्याचा खड्डा बघा. उन्हाळ्यात मारलेला एक प्रायमर शेजारी ठेवलात तर फरक लगेच दिसतो, तिकडे खोल गोल खड्डा आणि इकडे नुसता टिचका. टिचका असेल तर फायरिंग पिन, तिची स्प्रिंग आणि तिचं बुशिंग बाहेर काढा, मॅन्युअलमध्ये कसं काढायचं ते असतं, आणि सगळं तेल अल्कोहोलने किंवा डिग्रीझरने धुऊन टाका. थंडीत तिथे तेल नकोच. घालायचंच तर कोरडी ग्रॅफाइट पावडर, चिमूटभर. कारखान्यातून येते तेव्हा कित्येक बंदुकांना गंज लागू नये म्हणून जाड ग्रीस फासलेलं असतं, आणि नवी बंदूक घेऊन थेट डिसेंबरात जाणाऱ्याला ते ग्रीस हमखास नडतं.

खड्डा खोल आहे, तरी प्रायमर पेटला नाही, तर प्रायमर ओला झाला किंवा खराब होता. दुसरा लावा, डबीच बदला. आणि खड्डा कडेला पडलाय किंवा प्रायमर बोटाने आत-बाहेर हलतोय, तर ब्रीच प्लगमध्ये (नळीच्या मागच्या टोकाच्या बुचात) तो सैल बसतोय, म्हणजे पिनचा धक्का प्रायमर पुढे सरकण्यात वाया जातो. असल्या सैल प्लगमुळे मागे काळा धूरही येतो. बंदूक बनवणाऱ्याकडून योग्य प्लग मागवा.

"फट्" झालं, बार नाही

हा सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार आणि इथेच सगळ्यात जास्त वेळ द्यायला हवा. कॅप पेटली, मग आग गेली कुठे?

पहिला संशय तेल. सीझन संपल्यावर नळीला तेल लावून बंदूक उभी ठेवली की ते तेल महिनोन् महिने हळूहळू खाली उतरतं आणि ब्रीचमध्ये, म्हणजे नळीच्या बंद तळाशी, निपलच्या मुळाशी साचतं. मग दारू ठासली की पहिले काही दाणे त्या तेलात भिजतात. बाहेरून सगळं कोरडं दिसतं. म्हणून ठेवताना नळी तोंडाकडून खाली करून ठेवायची, म्हणजे तेल बाहेर येईल, आणि सीझनच्या आधी ब्रीच अल्कोहोलने पुसायचं. मी ९१ टक्क्यांचं आयसोप्रोपिल वापरतो, फार्मसीत मिळतं. ७० टक्क्यांचं नको, त्यात उरलेलं पाणीच असतं.

दुसरा संशय काजळी. काळ्या दारूच्या काजळीत पोटॅशियमचे क्षार असतात, ते हवेतलं पाणी ओढून घेतात, आणि मग बारीक भोकात चिखल होतो. हॉकेनसारख्या बऱ्याच साइडलॉकमध्ये आणखी एक भानगड असते. त्यांचं ब्रीच तळाशी एकदम अरुंद होतं, .५० इंच व्यासाची नळी खाली जाऊन जेमतेम पेन्सिलएवढी चेंबर होते. तुम्ही वरून ओला पॅच (कापडाचा तुकडा) फिरवता, पॅच त्या अरुंद जागेत जात नाही, तो सगळी काजळी ढकलून तिथे नेऊन भरतो. म्हणजे जितकं जास्त साफ कराल तितकं भोक बुजतं. उपाय म्हणजे .३२ किंवा .३६ चा छोटा ब्रश घेऊन त्यावर पातळ पॅच गुंडाळायचा आणि त्या चेंबरपर्यंत पोचायचं. आणि दोन बारांच्या मध्ये पॅच टपटपता ओला नाही, जेमतेम ओलसर, एकदा आत, एकदा बाहेर, पुढे-मागे घासायचं नाही.

इनलाइनमध्ये हीच गोष्ट ब्रीच प्लगच्या नळीत होते. प्रायमरच्या पुढे एक बारीक बोगदा आणि त्याच्या टोकाला सुईच्या टोकाएवढं फ्लॅश होल. प्रायमरची काजळी त्या बोगद्यात दगडासारखी बसते, ती सॉल्व्हंटने विरघळत नाही, कुरतडूनच काढावी लागते. बऱ्याच प्लगना १/८ इंचाचा ड्रिल बिट बसतो, तो बोटांनी फिरवायचा, मशीनला लावून अजिबात नाही, आणि आधी तुमच्या प्लगचा साइज मॅन्युअलमध्ये बघून घ्या. फिरवला की काळा चुरा पडतो. फ्लॅश होल मात्र ड्रिलने मोठं करायचं नाही, गॅस वेल्डिंगची टिप साफ करायच्या पातळ तारा मिळतात त्यांतली योग्य तार घालून नुसतं मोकळं करायचं. आणि प्लग परत लावताना आटे न अडकण्यासाठी जे अँटी-सीझ ग्रीस लावतो ते आट्यांवरच, पातळ थर. पुढच्या तोंडावर लागलं की ते भोकावर पसरतं आणि आपणच आग अडवतो.

तिसरा संशय, दारूपर्यंत अंतर. थंडीत सेबोचं प्लॅस्टिक कडक होतं, ठासायचा गज जोरात रेटावा लागतो, आणि कधी वाटतं की बसली बुलेट, पण ती बोटभर वर अडकलेली असते. ट्रिपल सेव्हन (काळ्या दारूऐवजी वापरायची पावडर) वापरणाऱ्यांना माहीतच असेल, पहिल्या बारानंतर नळीत दारूच्या थोडं वर काजळीचं कडक कडं तयार होतं, दुसरी बुलेट तिथेच अडते. हे नुसतं पेटण्याचं नाही, नळी फुगण्याचं किंवा फुटण्याचं कारण होऊ शकतं. म्हणून गजावर दोन खुणा हव्यात. रिकाम्या नळीत गज घालून तोंडापाशी एक खूण, आणि तुमचा नेहमीचा लोड नीट ठासून दुसरी खूण. प्रत्येक वेळी ठासल्यावर दुसरी खूण तोंडाला बरोबर आलीच पाहिजे. वर राहिली तर बार करायचा नाही. आणि गज पहिल्या खुणेच्या जवळ गेला तर आत दारू टाकायचीच राहिली, हेही त्यातूनच कळतं.

चौथी गोष्ट पेलेटची. पायरोडेक्स या तसल्याच पावडरीच्या पेलेटला, म्हणजे दाबून केलेल्या कांडीला, एका टोकाला खऱ्या काळ्या दारूचा थर असतो, ते गडद टोक खाली प्रायमरच्या बाजूला गेलं पाहिजे. अंधारात, गार बोटांनी, उलटं पडतं. घरीच स्पीड लोडरमध्ये (लोड आधीच भरून न्यायच्या नळकांड्यात) बरोबर बाजूने भरून न्या. आणि पेलेट ठासताना गजाने ठोकू नका, चुरा झाला की मधल्या भोकातून जाणारी आग अडते.

"फट्... धडाम"

उशिरा उडणारा बार हा न उडणाऱ्या बारापेक्षा मला जास्त त्रासदायक वाटतो, कारण हरीण जखमी होऊन पळतं. कारणं वरचीच असतात पण सौम्य, थोडा ओलावा, थोडं बुजलेलं भोक, आणि त्यात भर म्हणजे पावडर आणि प्रायमरची जोडी न जमणं.

खरी काळी दारू, म्हणजे सोरा, कोळसा, गंधक साधारण ७५:१५:१० या प्रमाणात, ती सगळ्यात सहज पेटते. पायरोडेक्स आणि ट्रिपल सेव्हनला जास्त उष्णता लागते. ११ नंबरच्या कॅपवर पायरोडेक्स चालवणारे लोक उन्हाळ्यात रेंजवर खूश असतात आणि डिसेंबरात रडतात. त्यांनी एकतर खऱ्या काळ्या दारूवर यावं किंवा निपल बदलून मस्केट कॅप लावावी, ती मोठी असते आणि आग जास्त देते. खरी काळी दारू मिळायला मध्यंतरी त्रास होता, गोएक्स या काळ्या दारूच्या ब्रँडचा लुइझियानातला कारखाना २०२१ मध्ये बंद झाला, पुढच्या वर्षी एस्टेस या कंपनीने तो घेतला. स्विस दारू महाग पण उत्तम, काजळीही कमी.

ब्लॅकहॉर्न २०९ या पावडरीचं प्रकरण वेगळं. काजळी कमी, गंज कमी, म्हणून इनलाइनवाले तिच्या प्रेमात आहेत आणि ते बरोबरच आहे, पण तिला खरोखर तापट प्रायमर लागतो. सीसीआय २०९एम किंवा फेडरल २०९ए घ्या. मझललोडरसाठी म्हणून मुद्दाम सौम्य केलेले २०९ प्रायमर मिळतात, ते ट्रिपल सेव्हनसाठी ठीक पण ब्लॅकहॉर्नला थंडीत नकोत. दुसरं, तिला पुढून विरोध लागतो. सेबो सैल असेल तर दाब तयार व्हायच्या आधीच बुलेट सरकते आणि बार रेंगाळतो. गज रेटायला थोडा जोर लागला पाहिजे. आणि ब्लॅकहॉर्न बाहेरच्या घोड्याच्या ११ नंबर कॅपवर किंवा फ्लिंटलॉकमध्ये चालत नाही, त्या वाटेला जाऊच नका.

फ्लिंटलॉकवाल्यांसाठी

इथे आवाजाऐवजी डोळे वापरा. ठिणगीच दिसली नाही? फ्रिझन, म्हणजे गारगोटी ज्या पोलादी पट्टीवर घासते ती, हाताला लागलेल्या लिप बामने किंवा बंदुकीच्या तेलाने चिकट झालेली असते, किंवा तिच्यावर तुमच्या श्वासाचं बारीक दहिवर गोठलेलं असतं. अल्कोहोलचा पॅच मारा, मग कोरडा. बंदूक तोंडाजवळ धरून बसला असाल तर श्वास दुसरीकडे सोडा, खरंच फरक पडतो. मग गारगोटीची धार बघा. नखावर हलकेच ओढली की नख खरवडलं पाहिजे, नाही खरवडलं तर धार काढा किंवा गारगोटी बदला. ती चामड्यात घट्ट धरलेली हवी, थंडीत चामडं सुकून आकसतं आणि स्क्रू सैल पडतो, म्हणून सकाळी एकदा आवळा. ठोका फ्रिझनच्या वरच्या तिसऱ्या भागात पडावा आणि तिथून खाली खरवडत जावा.

ठिणग्या पडल्या पण पॅन पेटला नाही, म्हणजे पॅनमधली दारू सादळली. पॅनसाठीची ४एफ दारू इतकी बारीक असते की बर्फाळ हवेत तासाभरात तिचे गोळे होतात. नियम करा, बर्फ पडत असेल तर दर तासाला, नाहीतर दोन तासांनी पॅन झटकून, पुसून नवी दारू. जुनी दारू वाचवायला जाऊ नका. लॉकवर बांधायचं मेण लावलेलं चामडं मिळतं, घोडा-पॅन सगळं झाकतं, निशाण धरायच्या आधी ओढून काढायचं. बर्फात त्याच्याशिवाय जाण्यात अर्थ नाही.

पॅन भपकन पेटला, धूर झाला, पण आतला बार नाही. टच होल, म्हणजे पॅनमधून नळीत जाणारं भोक, बुजलंय. पातळ तारेने भोक मोकळं करा, आतल्या दारूला टोचलेलं जाणवलं पाहिजे. आणि पॅन काठोकाठ भरू नका. दारू भोकावर चढली तर ती वातीसारखी आधी जळत बसते आणि मग आग आत जाते. भोकाच्या खालपर्यंतच, बाहेरच्या बाजूला सरकवून. भोक साधारण १/१६ इंचाचं असतं, मोठं करायचा मोह होतो, पण त्याने दाब बाहेर फुटतो. शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्याचा विचार करा.

लोखंडाचा घाम

आता मूळ गोष्ट. घरात २१ डिग्री आणि ४० टक्के आर्द्रता असेल तर साधारण ७ डिग्रीपेक्षा गार असलेल्या कुठल्याही वस्तूवर पाणी जमणार. तुमची नळी उणे दहावर आहे. आत आणल्याबरोबर ती पांढरी होते, मग ओली, आणि बाहेरून दिसतं तेवढंच पाणी लॉकच्या आत आणि निपलच्या भोकातही असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते परत गोठतं. हीटर लावलेल्या गाडीतही हेच, फक्त जास्त वेगाने.

म्हणून सीझनभर बंदूक थंडच ठेवायची. हीटर नसलेलं गॅरेज, कुलूप लावलेलं, सगळ्यात चांगलं. जाताना गाडीच्या केबिनमध्ये नको, मागे डिकीत किंवा ट्रकच्या बेडवर बंद केसमध्ये. घरात आणावीच लागली तर बाहेर थंडीतच केस घट्ट बंद करा आणि आत आणून काही तास उघडू नका, म्हणजे घरातली दमट हवा तिला लागत नाही. दारू मात्र मूळ डब्यात, झाकण घट्ट, आणि तीही गार असताना गरम खोलीत उघडायची नाही.

वाहतुकीचे कायदे राज्यागणिक वेगळे आहेत. अनेक राज्यांत कॅप किंवा प्रायमर काढला, किंवा पॅन रिकामा केला, की मझललोडर रिकामी धरतात, पण आपल्या राज्याचं त्या वर्षीचं रूल बुक वाचूनच ठरवा. आणि कायद्याने रिकामी असली तरी आत दारू आहे, ती भरलेलीच समजून हाताळा. दारू ठासलेली बंदूक घरात आणायची नाही, कुठल्याही परिस्थितीत.

सकाळी भरताना

क्रम माझा असा. अल्कोहोलचा एक पॅच, मग दोन कोरडे, आणि दोन-तीन मिनिटं वाऱ्याला उघडी. मग रिकाम्या बंदुकीवर, गज घालून खूण बघून रिकामी असल्याची खात्री करून, दोन कॅप उडवायच्या. नळीचं तोंड भुसभुशीत बर्फापासून थोडं वर, सुरक्षित दिशेला, डोळ्याला चष्मा. दुसऱ्या कॅपला बर्फाची धूळ उडाली पाहिजे. उडाली तर रस्ता मोकळा, नाही उडाली तर निपल काढून बघा, भरू नका. इनलाइनमध्येही एक प्रायमर असाच उडवतात, मग प्रायमरची काजळी कोरड्या पॅचने पुसायची. मी तळाशी एक कोरडा पॅच ठेवून कॅप उडवतो, बाहेर काढल्यावर त्यावर करपलेला डाग दिसला की मनाला शांती, पण तो पॅच आठवणीने काढायचा, नाहीतर दारू आणि आगीच्या मध्ये तोच बसेल.

मग दारू, बुलेट, खूण. नळीच्या तोंडावर इलेक्ट्रिकल टेपचा एक तुकडा, बर्फ आत जात नाही, आणि बार करताना पुढची हवाच तो उडवते. साइडलॉकला कॅपच्या कडेने पाणी आत शिरतं, त्यासाठी फिश टँकच्या हवेच्या नळीचा बारीक कडीएवढा तुकडा कापून कॅपवर सरकवा, किंवा कडेला मऊ मेणाचा पातळ थर. कॅप आणि प्रायमर शर्टाच्या आतल्या खिशात ठेवू नका, चढ चढताना घामाने तो खिसा ओला होतो, झिप बॅगेत घालून बाहेरच्या जॅकेटच्या खिशात बरे. कॅप संध्याकाळी काढली की ती परत वापरायची नाही.

अडकलेला बार आणि संध्याकाळ

दोनदा-तीनदा नवी कॅप लावून, दरवेळी थांबून, तरीही उडत नसेल तर साइडलॉकवर हा उपाय करतात: निपल काढा, त्या भोकातून ३एफ (बारीक) दारूचे थोडे दाणे हळूहळू आत सोडा, बारीक तारेने ढकला, निपल लावा, गजाने बुलेट पूर्ण खाली आहे हे परत बघा, मग कॅप. दारू घालायचीच विसरून बुलेट ठासली असेल तरी हाच मार्ग. इनलाइनला ब्रीच प्लग काढून बुलेट आणि पावडर मागून पुढे ढकलून काढता येते, हे तिचं मोठं सुख.

सीओटूच्या (कार्बन डायऑक्साइडच्या) दाबाने लोड बाहेर ढकलणारं छोटं यंत्र मिळतं, ते छान चालतं, पण त्याचा सिलिंडर गार पडू देऊ नका. २० डिग्रीला आतला दाब ५७ बारच्या (इथे बार म्हणजे दाबाचं एकक) आसपास असतो, उणे २० ला तो २० बारवर येतो, मग बुलेट अर्ध्यात अडकते. सिलिंडर जॅकेटच्या आत ठेवा आणि वापरताना नळीसमोर कोणी नाही बघा, बुलेट जोरात येते. बॉल पुलर, म्हणजे बुलेटमध्ये स्क्रू घालून ओढायचा प्रकार, करायचाच असेल तर आधी कॅप काढून, निपलमधून पाणी घालून दारू पूर्ण भिजवा आणि थोडा वेळ जाऊ द्या.

दिवसाच्या शेवटी बार मोकळा करायचा तर आधी राज्याच्या नियमात वेळ बसते का ते बघा, आणि गोठलेल्या जमिनीत मारू नका. ती दगडासारखी असते, बुलेट उसळून कुठेही जाते. मऊ मातीचा बांध, मागे काही नाही, अशीच जागा. तशी नसेल तर मी प्लग काढून किंवा सीओटूने रिकामी करतो. बार झालेला असेल तर त्याच रात्री साफ करायची, उद्यावर नाही. काळ्या दारूसाठी गरम पाणी आणि थोडा साबण सगळ्यात भारी, गरम पाण्याने लोखंड तापतं आणि स्वतःच पटकन सुकतं. ब्लॅकहॉर्नला मात्र पाण्याऐवजी साधं बंदुकीचं सॉल्व्हंट. मग तेलाचा अगदी पातळ हात, नळी तोंडाकडून खाली करून गॅरेजात, आणि सकाळी परत अल्कोहोलचा पॅच पहिला.